टोनर कार्ट्रिज पुन्हा भरून विकणे हा पेटंटचा भंग ठरतो का?

प्रश्न : लेझर प्रिंटरच्या वापरलेल्या टोनर कार्ट्रिज कार्यालयांकडून विकत घेऊन त्या उघडणे, साफ करणे, झिजलेला ड्रम व ब्लेड बदलणे, टोनर भरणे, चिप बसवणे आणि स्वतःचे लेबल लावून विकणे हा माझा अकरा वर्षांपासूनचा व्यवसाय आहे. दोन वर्षांपासून मी आयात केलेल्या नव्या कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या उत्पादकांनी त्याच प्रिंटरसाठी बनवलेल्या, कार्ट्रिजही विकतो. आता एका प्रिंटर कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे. ड्रमच्या टोकाच्या कपलिंगवर (यंत्राकडून ड्रमला गती देणाऱ्या जोडावर) त्यांचे पेटंट असून मी त्याचा भंग करतो, असे तिच्यात म्हटले आहे. तीन क्रमांक दिले आहेत. त्यांपैकी एकाच्या आधी 'यूएस' आहे आणि दुसऱ्याच्या मध्ये 'डीईएलएनपी' अशी अक्षरे आहेत. पंधरा दिवसांत विक्री बंद करावी, साठ्याची यादी द्यावी, सोबतच्या हमीपत्रावर सही करावी आणि नुकसानभरपाई भरावी, अशी मागणी आहे. मूळ खोक्यावर 'फक्त एकदाच वापरासाठी' असे छापलेले असते, हे खरे आहे. काही ग्राहकांच्या आग्रहावरून मी भरलेली कार्ट्रिज त्यांच्या मूळ खोक्यात घालूनही दिली आहे. मी गुन्हा केला आहे का? सही करावी का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणारा नाही. हमीपत्रावर सही करू नका, आणि नोटीस बाजूलाही टाकू नका. अशा हमीपत्रात बहुतेक वेळा पेटंट वैध आहे, आपण त्याचा भंग केला आहे आणि पुढे त्याला कधीही आव्हान देणार नाही, अशी तीन विधाने एकाच परिच्छेदात गुंफलेली असतात. एकदा सही झाली की, जे कंपनीला न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले असते, ते तुम्हीच लिहून दिलेले असते.

गुन्ह्याबद्दल म्हणाल तर, पेटंट कायदा, 1970 मध्ये पेटंटच्या भंगासाठी तुरुंगवासाची तरतूद नाही. हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. कंपनीला मनाई हुकूम मागता येतो, नुकसानभरपाई किंवा तुमच्या नफ्याचा हिशेब मागता येतो, आणि भंग सिद्ध झाल्यास माल जप्त करण्याची विनंतीही करता येते. फौजदारी धोका तुमच्या पत्रातल्या एका वेगळ्याच वाक्यात दडलेला आहे. त्याकडे मी पुढे येतो.

आता नोटिशीतले क्रमांक पाहू. पेटंट ज्या देशाने दिले, त्या देशाच्या हद्दीपुरतेच चालते. 'यूएस'ने सुरू होणारे पेटंट अमेरिकेतील आहे. त्याच्या आधारे इथल्या विक्रीवर बंदी मागता येत नाही, आणि नोटिशीत ते केवळ वजन वाढवण्यासाठी घातलेले दिसते. 'डीईएलएनपी' असलेला क्रमांक पेटंटचा नसून अर्जाचा आहे. आंतरराष्ट्रीय अर्जावरून इथे दाखल झालेल्या अर्जांना असे क्रमांक दिले जात असत. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून अर्जदाराला काही हक्क मिळतात हे खरे. पण कलम 11अ नुसार पेटंट प्रत्यक्ष मंजूर होईपर्यंत त्याला भंगाचा दावा दाखल करता येत नाही. तो अर्ज पुढे मंजूर झाला, नाकारला गेला की सोडून दिला गेला, हे पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील शोधसुविधेत विनामूल्य पाहता येते. उरलेला तिसरा क्रमांक मंजूर पेटंटचा असावा असे धरून चालू. त्याचीही दोन गोष्टींसाठी तपासणी करा. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते आणि आंतरराष्ट्रीय अर्ज असेल तर त्या अर्जाची तारीख धरतात. शिवाय नूतनीकरणाचे शुल्क वेळेवर भरले नसेल, तर मुदत शिल्लक असूनही पेटंट संपुष्टात येते. प्रिंटरची मॉडेले बरीच वर्षे वापरात राहतात, त्यामुळे यंत्र चालू आहे पण त्यातल्या भागाचे पेटंट संपले आहे, असे पुष्कळदा घडते.

पेटंट जिवंत आहे असे आढळले, तर त्याचे पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे वर्णन करणारा दस्तऐवज, उतरवून घ्या आणि शेवटच्या पानांपासून वाचायला सुरुवात करा. पहिली पन्नास पाने संपूर्ण प्रिंटरचे वर्णन करतात आणि ती वाचून वाटते की, कागद ओढण्यापासून छपाईपर्यंत सगळेच त्यांच्या मालकीचे आहे. प्रत्यक्षात हक्क असतो तो शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या वाक्यांपुरता, ज्यांना दावे किंवा क्लेम म्हणतात. समजा, पहिला दावा असा आहे की, 'ड्रम, त्याच्या टोकाला बसवलेले आणि ड्रमच्या अक्षाच्या संदर्भात कलू शकणारे कपलिंग, आणि यंत्रातल्या फिरत्या दांड्याकडून गती घेणारा त्या कपलिंगचा भाग, यांनी युक्त ड्रम युनिट'. यातला प्रत्येक घटक तुमच्या मालात असला पाहिजे. तुमच्या कार्ट्रिजमधले कपलिंग कलत नसेल, ते साधा पिळदार दात असलेले घट्ट गिअर असेल, तर उरलेले सगळे जुळूनही शब्दशः भंग होत नाही. कलण्याऐवजी तेच काम त्याच रीतीने साधणारी दुसरी रचना असेल, तर समतुल्यतेचा मुद्दा कंपनी काढू शकते. म्हणून 'आमचे थोडे वेगळे आहे' एवढ्यावर विसंबू नका. एक कार्ट्रिज उघडून टेबलावर ठेवा, दाव्यातले एकेक पद घ्या आणि तो भाग हातात धरून पाहा. वकिलाने आणि मेकॅनिकने हे काम शेजारी बसून करावे, असा माझा आग्रह असतो.

यापुढे तुमच्या धंद्याचे दोन भाग वेगळे करावे लागतील, कारण कायद्याच्या दृष्टीने ते एकमेकांसारखे मुळीच नाहीत.

पहिला भाग मूळ कंपनीच्याच कार्ट्रिज पुन्हा भरण्याचा. पेटंटचे एक जुने तत्त्व असे आहे की, पेटंटधारकाने किंवा त्याच्या परवानगीने वस्तू एकदा विकली गेली की त्या विशिष्ट नगावरचा त्याचा हक्क संपतो. घेणाऱ्याने ती वापरावी, दुरुस्त करावी, विकावी. आपल्या कायद्यातील कलम 107अ(ब) याच विचाराला धरून आहे. उत्पादन व विक्रीचा कायदेशीर अधिकार असलेल्याकडून पेटंट असलेली वस्तू आयात करणे हा भंग मानू नये, असे ते सांगते. 'एकदाच वापरासाठी' या शिक्क्याचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजांच्या खटल्यात थेट आला होता. कंपनीने सवलतीत विकलेल्या कार्ट्रिज एकदाच वापरण्याची आणि इतरांना न देण्याची अट घातली होती. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही कंपनी त्या रिकाम्या कार्ट्रिज मिळवून, भरून विकत होती. 30 मे 2017 रोजी न्यायालयाने ठरवले की, अट काहीही असो आणि विक्री देशात झालेली असो वा परदेशात, विक्रीबरोबर पेटंटचा हक्क संपतो. अट मोडल्याची तक्रार कंपनीने करायचीच, तर ती मूळ खरेदीदाराविरुद्ध कराराच्या कायद्याखाली करावी. हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार इथेही मांडता येतो. तुम्ही त्या कंपनीशी कोणताही करार केलेला नाही, हे तुमच्या उत्तरात स्पष्ट यायला हवे.

मात्र या तत्त्वाला एक कडा आहे. दुरुस्ती करता येते. दुरुस्तीच्या नावाखाली तीच वस्तू नव्याने घडवता येत नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2007 रोजी कॅननच्या शाईच्या टाकीबाबत याच मुद्द्यावर पुनर्वापर करणाऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला. त्या टाकीत शाई शोषणारे दोन तुकडे एकमेकांवर दाबून बसवलेले होते आणि त्यांच्या सांध्यावरचा शाईचा अडसर गळती थांबवत असे. शोध नेमका त्या अडसरात होता. वापरानंतर शाई आत वाळून तो अडसर निकामी होई. पुन्हा भरणाऱ्यांनी टाकीला भोक पाडले, आतली वाळलेली शाई धुऊन काढली आणि नवी भरली. न्यायालयाच्या मते शोधाचा गाभाच अशा रीतीने पुन्हा उभा केला गेला होता, म्हणून ती नवी निर्मिती ठरली. याउलट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2017 मध्ये टोनर कार्ट्रिजच्या ड्रम युनिटबाबत पुनर्वापर करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. शोधाचा तांत्रिक परिणाम बदललेल्या भागात दिसतो की टिकून राहिलेल्या भागात, हे तिथे महत्त्वाचे ठरले. या दोन निकालांत मला विरोध दिसत नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला : शोध ज्या भागात आहे, त्या भागाला तुम्ही काय केले?

म्हणूनच तुमच्याकडे ड्रम बदलताना नेमके काय होते, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुन्या ड्रमच्या टोकाचे मूळ कपलिंग काढून तेच नव्या ड्रमवर दाबून बसवले जात असेल, तर तुमची बाजू चांगली आहे. शोध कपलिंगमध्ये आहे, ते कंपनीनेच विकलेले आहे, आणि तुम्ही बदलला तो झिजणारा भाग. पण आज कपलिंग आधीच बसवलेले तयार ड्रम सहज मिळतात आणि वेळ वाचतो म्हणून तेच वापरले जातात. तसे असेल, तर दाव्यातली संपूर्ण वस्तू तुम्ही दुसऱ्याकडून नव्याने घेऊन बसवत आहात आणि पहिल्या विक्रीचा बचाव तिथे फारसा उपयोगी पडणार नाही. हा फरक चिमटीत मावेल एवढ्या प्लास्टिकच्या तुकड्याचा आहे, पण तुमचा खटला त्यावरच उभा राहील. यापुढे तरी मूळ कपलिंग जपून ठेवण्याची आणि तेच परत बसवण्याची शिस्त कारागिरांना लावा. आणखी एक खबरदारी घ्या. पुन्हा भरण्यासाठी घेतलेली रिकामी कार्ट्रिज मूळ कंपनीचीच, म्हणजे धंद्यात जिला 'व्हर्जिन' म्हणतात तशी, असली पाहिजे. ती स्वतःच नक्कल असेल, तर पेटंटधारकाची पहिली विक्री झालेलीच नाही आणि हा सगळा बचाव कोसळतो. कार्यालयांकडून घेतलेल्या मालाच्या पावत्या म्हणूनच आजपासून जिवापाड सांभाळा.

दुसरा भाग नव्या कंपॅटिबल कार्ट्रिजांचा. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. त्या कंपनीने बनवलेल्याही नाहीत आणि विकलेल्याही नाहीत, त्यामुळे हक्क संपण्याचा प्रश्न येत नाही. कलम 48 नुसार पेटंट असलेली वस्तू आयात करणे, विकणे किंवा विक्रीसाठी मांडणे, यांवरही पेटंटधारकाचा हक्क चालतो. तुम्ही स्वतः ती बनवली नाही, हा बचाव नाही. तिसरे पेटंट जिवंत असेल आणि त्यातला दावा या मालाला लागू पडत असेल, तर तपासणी पूर्ण होईपर्यंत या मालाची विक्री थांबवा. कलम 111 प्रमाणे, पेटंट आहे हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्यासारखे कारणही नव्हते असे सिद्ध केल्यास, त्या काळातील नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. वस्तूवर क्रमांकाशिवाय नुसते 'पेटंट' छापलेले असेल, तर तेवढ्याने ते ठाऊक होते असे मानत नाहीत. पण नोटीस हातात पडल्याच्या दिवशी हा आधार संपला. त्यानंतर विकलेला प्रत्येक नग जाणूनबुजून विकलेला धरला जाईल. पुरवठादाराकडे लेखी विचारणा करा की, त्याने पेटंटची काय खातरजमा केली आहे आणि दावा झाल्यास भरपाईची जबाबदारी तो घेतो का.

आता ते खोक्याचे वाक्य. मूळ कंपनीच्या खोक्यात तुम्ही भरलेली कार्ट्रिज घालून देणे आजच बंद करा, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. दुसऱ्याचे बोधचिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 103 व 104 खाली गुन्हा आहे आणि त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्राहकाचेच खोके त्यालाच परत दिले, असे तुम्ही म्हणाल, पण तोच माल पुढे मूळ म्हणून विकला गेला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. तुमची कार्ट्रिज कोणत्या प्रिंटरला चालते, हे लिहायला हरकत नाही. कलम 30 त्यासाठी मोकळीक देते. मात्र कंपनीचे नाव तुमच्या नावापेक्षा मोठे नसावे, आणि 'पुन्हा भरलेली' हे शब्द ठळक असावेत.

नोटिशीला उत्तर मुदतीच्या आत आणि थोडक्यात द्यावे. आरोप मान्य नाहीत, पेटंटच्या मंजुरीची व नूतनीकरणाची कागदपत्रे पाठवावीत, कोणत्या मॉडेलने कोणत्या दाव्याचा भंग होतो ते तक्त्याने दाखवावे, आणि तोपर्यंत आमचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत, इतके पुरे. साठ्याची यादी देऊ नका. धमकी निराधार आहे असे तपासणीत दिसले, तर पेटंट कायद्याच्या कलम 106 खाली तुम्हीच न्यायालयात जाऊन ती थांबवण्याची मागणी करू शकता. पुनर्भरणाच्या भागापुरते, आपण भंग करत नाही अशी घोषणा कलम 105 खाली मागता येते. मात्र त्याआधी कामाचा पूर्ण तपशील देऊन कंपनीकडे तशी लेखी कबुली मागावी लागते. त्या दाव्यात पेटंटच्या वैधतेवर बोट ठेवता येत नाही. भंगाच्या दाव्यात मात्र शोध जुनाच होता किंवा सहज सुचण्यासारखा होता, हा बचाव पूर्णपणे खुला असतो. तुमच्या अडगळीत पेटंटच्या अर्जाच्या तारखेआधीच्या, तशाच कपलिंगच्या कार्ट्रिज पडलेल्या असतील, तर त्या फेकू नका.

तुम्हाला न ऐकता एकतर्फी मनाई हुकूम निघून न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेला कमिशनर कार्यशाळेत येणे, ही या टप्प्यावरची खरी भीती आहे. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करून ठेवा. ते 90 दिवस टिकते, नंतर पुन्हा दाखल करावे लागते. भंगाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या न्यायालयात चालत नाही, म्हणून कॅव्हेट कुठे कुठे लावायचे ते वकिलाला ठरवू द्या. त्याच्याकडे जाताना नोटीस पाकिटासह न्या, कारण ती केव्हा मिळाली हे त्यावरच्या शिक्क्याने ठरेल. सोबत गेल्या तीन वर्षांच्या खरेदीच्या पावत्या, पुन्हा भरलेली एक आणि नवी कंपॅटिबल एक अशा दोन कार्ट्रिज, आणि त्या उघडण्यासाठी तुमचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या.