पीडितांसाठीच्या मदतसेवा महाराष्ट्रात कशा उभ्या राहिल्या

गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीला मिळणारी मदत म्हणजे केवळ नुकसानभरपाई का, असे आपण विचारले आहे. तसे नाही, महाराष्ट्रात भरपाईच्या योजनेच्या जवळजवळ तीस वर्षे आधी माणसाची सोबत उपलब्ध झाली होती.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसू लागल्या. तक्रार द्यायला कचरणाऱ्या स्त्रीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे आणि घरी परतणे सुरक्षित आहे का हे तिच्यासह ठरवणे, या कामाला लागणारा वेळ व कौशल्य ठाणे अंमलदाराकडे असेलच असे नाही. पुढे हे कक्ष राज्यात अन्यत्रही पोहोचले. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि आरोग्यावर काम करणारी ‘सेहत’ ही संस्था यांनी हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभारले. मारहाण झालेली स्त्री पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, तरी जखमेवर उपचारासाठी रुग्णालयात येतेच, आणि ‘पाय घसरून पडले’ या उत्तरामागचे कारण तिथेच ओळखता येते.

भरपाईचा कायदा त्यानंतरचा. राज्यांनी पीडितांसाठी भरपाईची योजना करावी असे सांगणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५७-अ २००९ च्या अखेरीस लागू झाले. आता ती तरतूद, जुन्या संहितेची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. आरोपीचा माग लागला नाही तरी पीडिताला अर्ज करता येतो, हे त्यातले सर्वांत मोलाचे आणि बहुतेकांना ठाऊक नसलेले कलम. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याने २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना आणली. २०१७ च्या सुधारणेने मदतीची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली आणि काम गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. अशा पीडितांवर तातडीने विनामूल्य उपचार करणे खासगी रुग्णालयांवरही बंधनकारक आहे.

माझ्या मते खरी उणीव पुढेच आहे. बालकासाठी पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या नियमांनुसार बालकल्याण समिती तपासापासून खटल्यापर्यंत साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. पण खून झालेल्याचे आईवडील किंवा घरात शिरून लुटले गेलेले एकटे वृद्ध यांच्यासाठी भरपाईचा अर्ज आहे, तो भरून घेणारा आणि तारखेला सोबत येणारा माणूस मात्र क्वचितच मिळतो. विशेष कक्षाची पद्धत त्यांच्यापर्यंत नेण्याची मागणी आपण जिल्हा पातळीवर लावून धरली पाहिजे.