पूर्ण अंध मुलीला धावण्यात पुढे जाता येतं का?

तुम्ही विचारलंय, की तुमची भाची पंधरा वर्षांची आहे, तिला दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नाही आणि शाळेच्या शर्यतीत ती दरवर्षी पहिली येते. नागपुरात राहून तिला पॅरा-ॲथलेटिक्समध्ये काही करता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

करता येईल. मी स्वतः बारा वर्षं १५०० मीटर धावले. मला जन्मापासून काचबिंदू, नवव्या वर्षी उरलासुरला उजेडही गेला. पॅरालिम्पिकपर्यंत मी पोचले नाही. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा पदक मिळालं, सगळ्यात चांगली वेळ ५ मिनिटं ४८ सेकंद. आता बँकेत आहे. तेवढ्या अनुभवावर एक गोष्ट ठासून सांगते: कोचच्या आधी तिच्यासोबत धावणारा गाईड शोधा. मी उलटं केलं. चांगले सर मिळाले म्हणून खूश होते आणि पहिली दोन वर्षं ज्याला वेळ असेल त्याचा हात धरून नुसते फेरे मारत होते.

आधी वर्गाचं समजून घ्या. धावणं आणि उड्यांसाठी 'टी', फेकीसाठी 'एफ', आणि पुढचा आकडा दिव्यांगत्वाचा प्रकार सांगतो. ११, १२, १३ हे दृष्टीचे वर्ग. टी ११ म्हणजे सर्वांत कमी दृष्टी. यात गाईड सक्तीचा, आणि कोणाला थोडा उजेड जाणवत असेल तर त्याचा फायदा होऊ नये म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर काळी पट्टी. टी १२ मध्ये गाईड घ्यायचा की नाही ते खेळाडूने ठरवायचं. टी १३ मध्ये एकटंच धावायचं. भाचीकडे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड असेलच, पण त्यावरच्या टक्क्यांवरून वर्ग ठरत नाही. स्पर्धेत वर्गीकरण करणारे डोळ्यांचे तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात आणि त्यांचा शब्द शेवटचा. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये विनोद कुमारला थाळीफेकीत एफ ५२ मध्ये कांस्य मिळालं होतं. तो त्या वर्गात बसत नाही असं ठरलं आणि पदक गेलं. ते वाचून दाखवलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. म्हणून डोळ्यांचे जुने सगळे कागद जपून ठेवा, अगदी लहानपणीचेसुद्धा.

आता गाईड.

पहाटे पाचला मानकापूरच्या क्रीडा संकुलात नाहीतर रेशीमबागेत जा. पोलीस भरतीची पोरं धावत असतात. मुलांना १६०० मीटर असतं, ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की २० पैकी २० गुण. ही गती १५०० ला लावली तर साधारण ४ मिनिटं ५१ सेकंद होतात, म्हणजे माझ्यापेक्षा जवळजवळ एक मिनिट पुढे. गाईडकडे एवढा दम शिल्लक लागतोच, कारण त्याला धावता धावता बोलायचंही असतं. माझे तिन्ही गाईड या पोरांतलेच.

पहिल्याची पहिली सकाळ अजून अंगावर आहे. त्याच्या डाव्या हातात दोरीचं एक टोक, माझ्या उजव्या हातात दुसरं. मधली दोरी जास्तीत जास्त ३० सेंटिमीटर, त्याहून लांब चालत नाही. बांधलेले हात एकत्र पुढे, एकत्र मागे, आणि त्याच बाजूचे पायही एकत्र. शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा. तो सारखा खेचायचा. खेचणं नियमात बसत नाही आणि माझ्या खांद्यालाही सहन होईना. सरांनी दोरी काढून घेतली आणि आम्हाला दोन आठवडे फक्त चालायला लावलं, एकमेकांच्या मनगटाला मनगट लावून. मग एका सकाळी, दोरी परत बांधल्यावर, तिसऱ्या फेरीत मला त्याचं पाऊल ऐकूच येईना. घाबरून विचारलं, "आहेस ना रे?" तर म्हणाला, "इथंच आहो ना ताई, वळण येऊन राह्यलं." पाऊल ऐकू आलं नाही, कारण ते माझ्याच पावलावर पडत होतं.

हे जुळायला प्रत्येक नव्या गाईडबरोबर तीनेक महिने लागतात. आणि भरती निघाली की पोरगा जातो. एक गडचिरोलीला गेला, एक राज्य राखीव दलात, एक मुंबईला. तिघांच्याही पेढ्यांवर माझा हक्क होता आणि मी तो मनापासून वसूल केला. पण दर वेळी माझा हंगाम तिथेच थांबला. म्हणून भाचीसाठी एक नाही, दोन गाईड तयार करा, आणि त्यातला एक असा बघा ज्याची भरती होऊन गेली आहे, पोस्टिंग नागपुरातच आहे. घरातला कोणी चुलत-मावस भाऊ धावत असेल तर सोन्याहून पिवळं. ती जसजशी वेगवान होईल तसतसा गाईडही वेगवान लागेल, हे त्यालाही पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे पुढे मन दुखावत नाही.

नियम दोघांनी मिळून पाठ करा. यात माझं एक पदक गेलंय. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या शंभर मीटरमध्ये आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो. गाईडने रेषेवर छाती पुढे टाकली. भरतीच्या सरावाची ती सवय, दुसरं काही नाही. खेळाडूने गाईडच्या आधी रेषा ओलांडायची असते. निकाल वाचताना आमचं नाव आलंच नाही. तो माझ्याशेजारी बसून रडत होता आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यानंतर रोजच्या सरावात शेवटच्या दहा मीटरला तो मोठ्याने "तू" म्हणायचा आणि अर्धं पाऊल मागे राहायचा.

पॅरिस २०२४ मध्ये स्पेनच्या एलेना काँगोस्तचं ऐकलं तेव्हा मला तोच दिवस आठवला. टी १२ ची मॅरेथॉन, ती तिसरी येत होती, रेषा काही मीटरवर. गाईडच्या पायात गोळा आला आणि तो पडायला लागला, तेव्हा त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली. बाद. मागची धावपटू तीन मिनिटांहून जास्त मागे होती, तरी तेव्हा कांस्य तिला गेलं. नियम नियम आहे, पण माझ्या मते एलेनाचा हात बरोबर ठिकाणी गेला.

आपल्याकडे या वाटेने गेलेले आहेत. अंकुर धामा टी ११ मध्ये २०१६ ला रिओ पॅरालिम्पिकमध्ये धावला आणि हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत १५०० आणि ५००० अशी दोन सुवर्णं घेऊन आला. कर्नाटकातल्या खेड्यातली रक्षिता राजू, हीसुद्धा टी ११, तिने १५०० मीटरला लागोपाठ दोन आशियाई पॅरा स्पर्धांत सुवर्ण मिळवलं आणि पॅरिसला पॅरालिम्पिकमध्ये धावली. तिच्या मुलाखती भाचीला नक्की ऐकवा. महाराष्ट्रातलं म्हणाल तर सुरगाण्याचा दिलीप गावित आहे, एका हाताने दिव्यांग, हांगझोऊला ४०० मीटरचं त्याचं सुवर्ण म्हणजे त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक. सांगलीकडच्या सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं. नांदेडच्या भाग्यश्री जाधवने तिथे उद्घाटनाला भालाफेकपटू सुमित अंतिलसोबत तिरंगा धरला होता.

पैशांचं खरं सांगते. पॅरिसच्या पदकांसाठी केंद्राने ७५, ५० आणि ३० लाख दिले, पण तिथवर पोचेपर्यंत खर्च घरचाच, आणि आमच्या बाबतीत तो डबल. स्पाईक्सचे दोन जोड, राहणं दोघांचं, खाणं दोघांचं. रेल्वेत अंध प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच, ती जरूर घ्या. गाईडचं जेवण-खाणं आणि बूट मात्र पहिल्या महिन्यापासून तुम्हीच बघा. तो संकोचाने मागणार नाही. नोकरीसाठी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टीसाठी. माझी बँकेची नोकरी त्यातूनच. अभ्यास सोडू देऊ नका.

ऊन हा नागपुरात वेगळाच विषय. एप्रिल-मेमध्ये साडेसहाला सराव संपलाच पाहिजे. पण सकाळच्या उन्हाचा मला उपयोगही झाला. ट्रॅकवर डावीकडे वळत धावतो, त्यामुळे पलीकडच्या सरळीत उजवा गाल तापायचा आणि रेषेकडे येताना डावा. गाईड बोलला नाही तरी मी कुठे आहे ते कळायचं. भाचीला असं काहीतरी तिचं तिला सापडेल, तुम्ही फक्त रोज त्याच वेळी नेत जा.

या आठवड्यात एवढंच करा. बुटाची जुनी जाड नाडी घ्या, दोन्ही टोकांना बोटं जातील एवढे फास करा, मध्ये वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवा. मोकळ्या मैदानावर तिच्यासोबत आधी चाला. दोरी कुठल्या हातात धरायची ते तिला दोन्हीकडून करून बघू द्या. मी उजव्या हातात धरायचे, म्हणजे गाईड बाहेरच्या बाजूला आणि वळणावर जास्तीचं अंतर त्याच्या वाट्याला. ती डावा म्हणाली तर डावा.