जुन्या विनोदी मालिकेवरून रोमँटिक कॉमेडी चित्रपट लिहायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या टीव्ही मालिकेवरचा 'बिविच्ड' (2005) हा हॉलिवूडचा चित्रपट पाहिला, तशीच एखादी जुनी मालिका घेऊन लातूर-परभणीकडं घडणारी रोमँटिक कॉमेडी लिहायची आहे, तर चार-पाच भागांचे किस्से जोडले की 100 मिनिटं भरतील का? मिनिटं भरतील, पण त्याचा चित्रपट होणार नाही. 'बिविच्ड'ही याच खड्ड्यात अडकला, म्हणून आधी त्याचंच बोलतो.

मूळ मालिका अमेरिकेत 1964 ते 1972 चालली, 8 सीझन, 254 भाग. समांथा चेटकीण आहे आणि हे ती नवऱ्याला पहिल्याच भागात, लग्न झाल्या झाल्या सांगून टाकते. तो म्हणतो जादू करायची नाही, ती कबूल करते, आणि मग दर आठवड्याला काहीतरी असं घडतं की जादू करावीच लागते. आई एंडोरा जावयाला पाण्यात पाहते, साहेब गिऱ्हाईकाला घेऊन जेवायला येतो, समोरची शेजारीण पडद्याआडून बघत बसते. भाग संपताना सगळं होतं त्या जागेवर. पुढच्या आठवड्यात तोच नवरा, तेच वचन. 1969 मध्ये नवऱ्याचं काम करणारा नट बदलला (डिक यॉर्कच्या जागी डिक सार्जंट) तरी मालिका आणखी तीन वर्षं चालली. म्हणजे गाडं कुणाच्या जोरावर चाललं होतं ते कळतं: बायको आणि सासू.

आता प्रेमकथेला काय लागतं ते बघा. तिला जागेवर परत येणं चालतच नाही. पहिल्या मिनिटाला दोन माणसं जशी असतात तशी शेवटच्या मिनिटाला नसली पाहिजेत. मालिकेचा सगळा जीव परत येण्यात, प्रेमकथेचा पुढं जाण्यात. रूपांतर करताना हाच सांधा जुळवावा लागतो, बाकीची कामं त्यामानाने सोपी.

नोरा एफ्रॉन आणि डेलिया एफ्रॉन या बहिणींनी 2005 मध्ये वेगळी वाट काढली. त्यांच्या चित्रपटात 'बिविच्ड' मालिका नव्यानं बनते आहे, उतरती कळा लागलेला नट जॅक (विल फेरेल) नवऱ्याच्या भूमिकेत आहे, आणि समांथाच्या भूमिकेसाठी तो जी अनोळखी इसाबेल (निकोल किडमन) निवडतो ती खरोखरच चेटकीण निघते. कल्पना चांगली आहे. घोटाळा पुढं झाला. इसाबेलला कळतं की जॅकला सगळा झोत स्वतःवरच हवाय. ती रागावते, जॅकवर प्रेमाचा मंत्र टाकला जातो, मग तिलाच वाईट वाटतं आणि ती काळ मागं फिरवून सगळं पुसून टाकते. तेवढ्या भागात दोघांत जे घडलं ते जॅकला आठवतच नाही. प्रेक्षकानं जे नातं वाढताना पाहिलं ते पडद्यावर शून्य. मालिकेची 'जागेवर परत' येण्याची सवय अशी चित्रपटाच्या मधोमध शिरली. शिवाय ती चेटकीण आहे हे जॅकला इतक्या उशिरा कळतं की त्याचे परिणाम भोगायला वेळच उरत नाही. सुमारे 8.5 कोटी डॉलर खर्चून जगभरात तिकीटबारीवर सुमारे 13 कोटी जमले, त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा. किडमन-फेरेल जोडीला त्या वर्षीचा 'वाईट जोडी'चा रॅझी पुरस्कारही मिळाला. शर्ली मॅक्लेन आणि मायकेल केन मात्र बघण्यासारखे आहेत.

हक्कांचं आधी उरका. 'बिविच्ड'ची पात्रं वापरता येणार नाहीत, ती स्टुडिओची मालमत्ता आहे. पण 'बायकोकडं नवऱ्यापेक्षा मोठी ताकद आहे आणि ती लपवावी लागते' या नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. मराठी मालिका घेणार असाल तर दोन गोष्टी वेगळ्या तपासा: मालिका कुणाची आणि मूळ पुस्तक कुणाचं. दूरदर्शननं स्वतः बनवलेली असेल तर प्रसार भारतीकडं जावं लागेल, प्रायोजित असेल तर निर्मात्याचा करार बघावा लागेल. पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. चि. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या चिमणरावाच्या कथा 2024 पासून सगळ्यांना खुल्या आहेत. दूरदर्शनची 'चिमणराव' मालिका मात्र खुली नाही. तिच्यासाठी नव्यानं लिहिलेले प्रसंग, संवाद उचलायचे नाहीत. कुणाशी करार केलाच तर त्यात मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर, तो जातो. होतकरू लोकांचं इथंच हातचं जातं, कारण निर्माता मिळेपर्यंत वर्ष कधी उलटतं कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चेटकिणीची नायिका मराठवाड्यात आणू नका. अमेरिकेतल्या टुमदार कॉलनीत ती गंमत आहे. आपला भानामतीचा मुलूख. अंगावर फुल्या उठल्या, कपड्यांनी पेट घेतला असं म्हणून गल्लीतल्या एखाद्या बाईवर बोट ठेवलेलं इथल्या लोकांनी पाहिलेलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी गावोगाव हिंडून काम केलं, 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तुमच्या थिएटरमध्ये बसलेल्या एखाद्या आजीला 'चेटकीण' हा शब्द विनोदी वाटणार नाही, आणि ती बरोबर असेल.

मग ताकद कोणती द्यायची? हाताची कला द्या. समजा लातूरला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं, दुकान आहे, बापाकडून पोराकडं आलेलं. पोरगा गोड बोलणारा, हात कच्चा. हिशोब लिहायला एक मुलगी येते. तिचा बाप नांदेडकडं याच धंद्यात होता, ती लहानपणापासून कॉइल भरत आलेली. रात्री शटर अर्धं ओढून ती मोटरी दुरुस्त करते, सकाळी पोराला वाटतं आपलाच हात बसला. तिची आई म्हणजे तुमची एंडोरा: 'तुझी विद्या त्याच्या पाटीवर कशाला?' समोरचा झेरॉक्सवाला म्हणजे पडद्याआडची शेजारीण. सगळे सुटे भाग मिळाले, जादू एकही नाही.

मालिकेत समांथा नाक हलवते (खरं तर एलिझाबेथ माँटगोमेरी वरचा ओठ हलवायची) आणि प्रेक्षकाला कळतं की आता काहीतरी होणार. तशी एक खूण तुमच्या नायिकेलाही पाहिजे. ती लांब स्क्रूड्रायव्हर घेते, टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवते, मूठ कानाशी लावते आणि डोळे मिटते. बेअरिंग गेलं असेल तर घरघर थेट कानात येते. मिस्त्री लोक हे रोज करतात. पडद्यावर त्या क्षणी बाजाराचा सगळा आवाज बंद करा, फक्त ती घरघर ठेवा. पहिल्या 15 मिनिटांत हे दोनदा दाखवलं की पुढं नुसता स्क्रूड्रायव्हर उचलला तरी थिएटर हसेल. एक सांभाळा: हे विहिरीवरच्या मोनोब्लॉकवर (मोटर आणि पंप एकत्र असलेला, पाण्याबाहेर बसवलेला) किंवा दुकानातल्या टेबलावर दाखवा. बोअरमध्ये सोडलेल्या सबमर्सिबलला स्क्रूड्रायव्हर लावताना दाखवलं तर पहिल्या रांगेतला शेतकरी ओरडून चूक काढेल. तसंच तीनपैकी एक फेज गेलेली असताना थ्री-फेज मोटर सुरू केली तर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. जळण्याचा प्रसंग लिहायचा तर असाच लिहा, ठिणग्या-धूर उडवत बसू नका.

मांडणी मी अशी करीन. एकूण 100 मिनिटं, 55 ते 60 प्रसंग. 10व्या मिनिटाच्या आत दोघांची गाठ. 25व्या मिनिटापर्यंत तिनं पहिली मोटर गुपचूप केलेली. त्याला कळायचं ते इंटरव्हलला, 50-52 मिनिटांच्या आसपास, त्याच्यापुढं नेऊ नका. प्रेक्षकाला मात्र पहिल्यापासून माहीत असू द्या, हशा त्यातूनच येतो. उरलेली 48 मिनिटं कळल्यानंतरची. तो आधी ओशाळतो, मग रागावतो, मग शिकायला बसतो. हा शिकायला बसल्याचा भाग सगळ्यात जास्त लिहा. प्रेम तिथं दिसणार आहे, तिनं त्याच्या हातातली तार धरून वेढे मोजायला लावण्यात.

प्रत्येक प्रसंग एका कार्डावर लिहा आणि मागच्या बाजूला एकच ओळ: या प्रसंगानंतर दोघांत काय बदललं. ओळ सुचली नाही तर तो प्रसंग मालिकेतला उरलेला तुकडा आहे, कितीही हसवत असला तरी काढा. मग 14वं आणि 40वं कार्ड आपसात बदलून बघा. काहीच अडलं नाही तर दोन्ही कच्ची आहेत.

'साहेब जेवायला येतात' हा मालिकेचा ठरलेला प्रसंग लातूरकडं घरात घालू नका, येळवसला घाला. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं घर शेतात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी आणि आंबिलीचं मडकं. दुकानाचं कर्ज मंजूर करणारा बँकेचा साहेब पुण्याहून नुकताच बदलून आलाय, त्याला शेतावर बोलावलंय, आणि तेवढ्यात विहिरीवरची मोटर गुणगुणायला लागते. पोराला सगळ्यांसमोर ती उघडावी लागते. गुपित फुटायला याहून चांगली जागा मला सुचत नाही, कारण इथून उठून जाता येत नाही, सगळे जेवायला बसलेले आहेत.

याचं शूटिंग खऱ्या येळवसच्या दिवशी करू नका, गावातला एक माणूस मिळणार नाही. त्याच्या मागंपुढं आठवडाभरात करा, म्हणजे रानात ज्वारी उभी असेल. शेतातले सगळे प्रसंग सलग 3-4 दिवसांत संपवा. दोन आठवड्यांनी परत आलात तर कणसं भरलेली असतात आणि दोन शॉटमधली ज्वारी जुळत नाही. दिवस लहान, संध्याकाळी साडेपाचनंतर उजेडावर भरवसा ठेवायचा नाही. वाऱ्यानं पानं सळसळतात ती माइकमध्ये पावसासारखी ऐकू येतात, म्हणून माइकला केसाळ कव्हर घाला, नटांच्या कपड्यात छोटे माइक लावा आणि नुसत्या रानाचा दोन मिनिटांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात तो लागतोच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर आणि त्याचं शटर 1/50 सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

संवाद शेवटी. आधी पुणेरी मराठीत लिहून मग 'लै' आणि 'की' पेरायचे हे करू नका, ते लगेच उघडं पडतं. लातूरकडचा माणूस 'काय करूलालास?' म्हणतो. नांदेडच्या मुलीच्या बोलण्यात तेलुगू-उर्दूची लकब येईल, आणि तिच्या आईच्या बोलण्यात ती मुलीपेक्षा जास्त असेल. लिहिलेलं पान खऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानात नेऊन मिस्त्र्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. तो जिथं अडखळेल तिथं खूण करा आणि त्याच्या तोंडून जे येईल ते लिहून घ्या.