जाळीला चिकटलेलं टायटेनियम

प्रश्न : ग्रेड ५ टायटेनियमचे (अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेल्या टायटेनियमचे) भाग इन्कोनेलच्या (निकेलप्रधान मिश्रधातूच्या) जाळीवर ठेवून व्हॅक्यूम भट्टीत ९५५ अंश सेल्सियसला तासभर तापवले. जिथे टेकले होते तिथे वितळून जाळीला चिकटले. दोन्ही धातू १३०० अंशांच्या आत वितळत नाहीत, भट्टीचं तापमानही तपासलं, बरोबर होतं. मग चुकलं कुठे?
– हीट ट्रीटमेंट विभागातील वाचक

उत्तर : भट्टी दोषी नाही, जोडी चुकली. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ला, पण दोघांचं सोल्डर १८३लाच पातळ होतं. टायटेनियम-निकेलचं तसंच आहे. निकेल वजनाने सुमारे २८ टक्के झालं की ९४२ अंशांनाच रस होतो. इन्कोनेल ६०० मध्ये निकेल ७२ टक्क्यांच्या वर असतं आणि तुम्ही १३ अंश पुढे होता.

हवेच्या भट्टीत मधे ऑक्साइडचा थर राहतो. व्हॅक्यूममध्ये टायटेनियम आपला ऑक्साइड स्वतःतच जिरवतं, म्हणून उघडा धातू उघड्या धातूला भिडतो. पुढचं काम विसरणाचं, म्हणजे एका धातूचे अणू दुसऱ्यात शिरण्याचं. निकेल, लोखंड, कोबाल्ट हे टायटेनियममधले सर्वांत चपळ पाहुणे. टायटेनियमच्या अणूंची मांडणी कमी तापमानाला एक (अल्फा) आणि जास्त तापमानाला दुसरी (बीटा) असते. अल्फा अवस्थेत ते शेजारचा अणू जागा सोडेल याची वाट पाहत नाहीत, फटींतून सरकतात. टायटेनियमच्या स्वतःच्या अणूंपेक्षा लाखपटीहून वेगाने. बीटा अवस्थेत हा फरक दहा ते शंभरपटींवर येतो, पण तिथे सगळेच मुळात वेगाने फिरतात. ९५५ला तासाभरात निकेल साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर आत जातं.

त्यामुळे डाग घासून भाग वापरात घेऊ नका. चकाकी येईल, पण खाली शिरलेलं निकेल आणि त्याचं ठिसूळ संयुग तिथेच राहील. एक भाग आडवा कापून, पॉलिश करून, क्रोल द्रावणाने एच करा (आम्लाने पृष्ठभाग किंचित खाऊन आतली रचना उघडी करा) आणि बदललेला थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं; ते त्वचेवर सांडल्यास लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नका.

पुढच्या खेपेला मॉलिब्डेनमची जाळी घ्या. तो टायटेनियममध्ये हळू शिरतो आणि त्या जोडीत कमी तापमानाचा रस होतच नाही. तरी टेकणाऱ्या जागी यिट्रियाचा (यिट्रियम ऑक्साइडचा) लेप द्या, म्हणजे घन अवस्थेतही जोड धरणार नाही. आणि तापमान मोजणारं थर्मोकपल जरूर पाहा. त्याची नळी बहुधा इन्कोनेलचीच असते. ती भागाला टेकली तर नळीलाही भोक पडेल.