नॅनोकणाला चिकटलेले प्रथिन मूळ रूपात राहते का?

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सोन्याच्या नॅनोकणांचे लाल द्रावण तयार केले. त्यात मीठ घातले की ते निळसर होते; पण आधी थोडे अल्ब्युमिन घालून मग मीठ घातले, तर ते लालच राहते. प्रथिन कणांना चिकटते हे यावरून कळले. परंतु चिकटल्यावर त्याची रचना बदलते का? आणि रक्तात गेलेल्या नॅनोकणांच्या बाबतीतही असेच घडते का? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : तुम्ही केलेला प्रयोग शंभर वर्षांहून जुना आहे. रिचर्ड झिग्मोंडी यांनी याच रंगबदलावरून १९०१ मध्ये ‘सुवर्णांक’ (द्रावण निळे होऊ न देण्याची एखाद्या पदार्थाची क्षमता सांगणारा आकडा) ही कल्पना मांडली. असे कण करताना सहसा वापरल्या जाणाऱ्या सायट्रेट या क्षारामुळे कणांवर ऋणभार असतो व त्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. मिठातील आयन हा भार झाकून टाकतात, कणांचे पुंजके होतात आणि रंग निळ्याकडे झुकतो. अल्ब्युमिनचा थर आड आला की कणांना एकमेकांच्या इतके जवळ येताच येत नाही. मात्र या प्रयोगातून कळते ते कणाचे काय झाले एवढेच. प्रथिनाचे काय झाले, हे त्या लाल रंगावरून समजत नाही.

प्रथिनाची रचना बहुतेक वेळा थोडीफार बदलते. प्रथिनाची घडी असंख्य क्षीण बंधांनी सावरलेली असते आणि घडी मोडलेल्या स्थितीपेक्षा तिचे स्थैर्य फार थोडे जास्त असते. पाण्यापासून दूर राहू पाहणारी अमिनो आम्ले या घडीच्या पोटात दडलेली असतात. शेजारी एखादा मोठा पृष्ठभाग आला की त्यांना लपायला दुसरी जागा मिळते आणि घडी सैल होऊ लागते. नॅनोकणांच्या बाबतीत हा पृष्ठभाग किती मोठा असतो पाहा : १ घन सेंटीमीटर सोन्याचे २० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले, तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस मीटर भरते, म्हणजे कबड्डीच्या दोन मैदानांहून अधिक. अल्ब्युमिन मात्र सहसा पूर्ण उलगडत नाही, कारण १७ डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांनी ते आतून टाचलेले असते. त्याच्या ३४व्या स्थानी असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधक मोकळा असतो आणि सोन्याला गंधकाची ओढ असते, हेही तुमच्या प्रयोगाच्या संदर्भात ध्यानात ठेवावे.

कणाचा आकार महत्त्वाचा आहे, पण त्याचा एकच नियम सांगता येत नाही. लायसोझाइम हे विकर ४, २० आणि १०० नॅनोमीटरच्या सिलिका कणांवर बसवून पाहिले असता (हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले) कण जितका मोठा, तितकी अल्फा हेलिक्सची (प्रथिनाच्या साखळीतील मळसूत्री वळणांची) हानी जास्त आणि विकराची क्रियाशीलताही तितकी कमी, असे आढळले. लहान कण फार वक्र असल्याने प्रथिन त्याला थोड्याच जागी टेकते; मोठा कण त्याच्या दृष्टीने जवळजवळ सपाट असतो आणि प्रथिन त्यावर पसरते. यावरून लहान कण निरुपद्रवी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो काढू नये. रक्त गोठवण्यात भाग घेणारे फायब्रिनोजेन हे सुमारे ४५ नॅनोमीटर लांबीचे, काडीसारखे प्रथिन आहे. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाने मढवलेल्या ५ नॅनोमीटरच्या सुवर्णकणांनी त्याची घडी उलगडली, एरवी झाकलेला त्याचा एक तुकडा उघडा पडला आणि तो प्रतिकारपेशींवरील मॅक-१ या ग्राहीला जुळून दाहाचे संकेत सुरू झाले, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. त्याच लेपाच्या २० नॅनोमीटरच्या कणांना फायब्रिनोजेन चिकटले खरे, पण हा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘नॅनोकण प्रथिने बिघडवतात का’ असा सरसकट प्रश्न मला अपुरा वाटतो. कोणता कण, कोणता लेप आणि कोणते प्रथिन, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

तुम्ही पुढे मोजमाप करणार असाल, तर एका चुकीपासून सावध राहा. अल्ब्युमिनमधील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकलेला उजेड) कण मिसळताच मंदावते आणि अनेक जण त्यावरून लगेच ‘रचना बदलली’ असे लिहून मोकळे होतात. सोन्याचे कण स्वतःच ही प्रतिदीप्ती शमवतात, शिवाय प्रकाशही शोषून घेतात; प्रथिनाची घडी जशीच्या तशी असली तरी उजेड कमी होणारच. वर्तुळी द्विवर्णतेच्या (डाव्या व उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरकाच्या) आलेखात २०८ आणि २२२ नॅनोमीटरजवळचे हेलिक्सचे दोन खड्डे उथळ झाले, तर तो पुरावा अधिक भक्कम असतो. तेथेही न चिकटलेले प्रथिन सेंट्रिफ्यूजने आधी वेगळे करावे, नाहीतर मुक्त प्रथिनाच्या गर्दीत चिकटलेल्याचा बदल बुडून जातो.

आता रक्ताविषयी. रक्तद्रवात दर लिटरला ३५ ते ५० ग्रॅम अल्ब्युमिन असते, त्यामुळे पृष्ठभागापर्यंत आधी तेच पोहोचते. नंतर संख्येने कमी पण अधिक घट्ट चिकटणारी प्रथिने त्याची जागा घेतात. पृष्ठभागांवरील या अदलाबदलीला लिओ व्ह्रोमन या संशोधकाचे नाव आहे. कणाभोवतीच्या या आवरणाला ‘प्रोटीन कोरोना’ हे नाव डब्लिन आणि लुंड येथील संशोधकांच्या २००७ मधील कामामुळे रुळले. पेशीची गाठ पडते ती या पांघरुणाशी, उघड्या कणाशी क्वचितच. कधीकधी हे पांघरूण उपयोगीही पडते : २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पॅटिसिरान या औषधाचे मेदकण रक्तातील अपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन अंगावर घेतात आणि त्याच्याच आधारे यकृताच्या पेशींत शिरतात.

प्रश्न : प्रथिने चिकटूच नयेत, अशी सोय नॅनोऔषधांत करता येते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बऱ्याच अंशी करता येते. कणावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या बसवल्या की त्या पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना पृष्ठभागापर्यंत सहज पोहोचता येत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले डॉक्सिल हे कर्करोगावरील औषध याच युक्तीने रक्तात दीर्घकाळ टिकते. परंतु हे कुंपण पूर्ण बंदिस्त नसते. क्लस्टरिनसारखी काही प्रथिने अशा लेपावरही चिकटतात, आणि प्रतिकारपेशींनी तो कण लवकर गिळू नये, यात त्यांचा मोठा हातभार असतो. काही रुग्णांच्या रक्तात मात्र या ग्लायकॉलविरुद्धच प्रतिपिंडे आढळतात. ती असल्यास तोच लेप कणाला रक्तातून लवकर बाहेर काढण्याचे निमित्त ठरू शकतो.