औषध दिसेनासे झाले म्हणजे नष्ट झाले का?

प्रश्न : पाण्यातील प्रतिजैविकांचे दृश्य प्रकाशात विघटन करणाऱ्या संमिश्र प्रकाश-उत्प्रेरकांविषयी (प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवणाऱ्या, दोन पदार्थ जोडून केलेल्या पुडींविषयी) वाचले. टिटॅनियम डायऑक्साइडसारखा एकटा उत्प्रेरक असताना दोन पदार्थांची जोडी कशाला लागते? आणि ९० टक्के टेट्रासायक्लिन (एक प्रतिजैविक) नाहीसे झाले, तर पाणी निर्धोक मानावे का?

उत्तर : टिटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या रूपाचे ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉन सुटा करण्यासाठी प्रकाशाने पुरवावी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे ते केवळ अतिनील प्रकाश शोषते आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात तो जेमतेम ४-५ टक्के असतो. ग्राफिटिक कार्बन नायट्राइड या दुसऱ्या उत्प्रेरकाचे हे अंतर २.७ असल्याने त्याला निळा प्रकाशही चालतो. मात्र कोणत्याही एकट्या उत्प्रेरकात प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या जागी उरलेली धन विवरे बहुतांशी लगेच पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा वाया जाते.

जोडीचा खरा उपयोग इथे होतो. कार्बन नायट्राइडचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवण्याइतके प्रबळ असतात, पण त्याची विवरे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवण्यास अपुरी पडतात (हे दोन्ही औषधाचे रेणू मोडणारे अतिशय क्रियाशील कण आहेत). बिस्मथ व्हॅनाडेट या आणखी एका उत्प्रेरकाचे नेमके उलट आहे. ‘झेड-स्कीम’ पद्धतीच्या जोडणीत व्हॅनाडेटचे दुबळे इलेक्ट्रॉन कार्बन नायट्राइडच्या दुबळ्या विवरांशी सांध्यावरच जुळून संपतात आणि दोन्हीकडचे प्रबळ भार औषधाच्या रेणूवर हल्ला करण्यास मोकळे राहतात. म्हणूनच दोन्ही उत्प्रेरकांची पूड नुसती एकत्र घोटून भागत नाही. सांधा घट्ट जमावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. टेट्रासायक्लिनचे प्रमाण बहुधा ३५७ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाश-शोषणावरून मोजतात. रेणूचा प्रकाश शोषणारा भाग मोडला की हा आकडा घसरतो, पण उरलेले तुकडे पाण्यातच असू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकामध्ये तर पुष्कळदा रेणूच्या बाजूचे पायपरेझिनचे वलय आधी तुटते आणि जिवाणूंना मारक असलेला क्विनोलोनचा गाभा काही काळ शाबूत राहतो. त्यामुळे एकूण सेंद्रिय कार्बन (ज्यात औषधाचे उरलेले तुकडेही मोजले जातात) किती घटला आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यात जिवाणूंची वाढ रोखण्याची शक्ती उरली आहे का, हे दोन्ही तपासल्याशिवाय कोणत्याही टक्केवारीवर मी विसंबणार नाही. शिवाय उत्प्रेरकाची पूड औषधाला न मोडता नुसते आपल्या पृष्ठभागावर धरूनही ठेवते. म्हणून दिवा लावण्यापूर्वी मिश्रण अंधारात ढवळून ही घट वेगळी मोजलेली असावी. चाचणी शुद्ध पाण्यात झाली की सांडपाण्यात, हेही पाहावे, कारण सांडपाण्यातील बायकार्बोनेट आणि ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली) हायड्रॉक्सिल मूलके वाटेतच गिळून टाकतात.