वाचकांचे प्रश्न : बिल्बो आणि अ‍ॅश हे एकच का?

प्रश्न : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील म्हातारा बिल्बो आणि 'एलियन'मधील विज्ञान अधिकारी अ‍ॅश ही दोन्ही कामे इअन होम यांनीच केली, हे नुकतेच कळले आणि खरे वाटेना. त्यांच्या चित्रपटांविषयी सांगाल का? एवढा गुणी नट नायक कसा झाला नाही?

उत्तर : दोघे एकच, आणि ओळख पटली नाही यात तुमच्या नजरेचा दोष नाही. (त्यांच्या आडनावातील 'ल'चा उच्चार होत नाही, कुठे 'होल्म' असे छापलेले आढळले तरी माणूस हाच.)

होम यांचा जन्म १९३१ साली इंग्लंडमध्ये, एसेक्समधील गुडमेझ येथे झाला. शेक्सपिअरच्या नाटकांत त्यांनी नाव कमावले आणि नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांच्या 'द होमकमिंग'मधील लेनी या भूमिकेसाठी १९६७ साली त्यांना टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. अशा मुरलेल्या नटाला १९७६ साली 'द आइसमन कमेथ' या नाटकाच्या वेळी रंगमंचाची इतकी धास्ती बसली की, त्यानंतर बरीच वर्षे ते रंगभूमीपासून जवळजवळ दूरच राहिले. रंगभूमीने जे गमावले ते पडद्याला मिळाले, असे मला वाटते.

'एलियन' (१९७९) त्यानंतरचा. अ‍ॅश हा माणूस नसून यंत्रमानव आहे, हे आपल्याला बरेच उशिरा कळते. पण ते ठाऊक झाल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला, तर होम यांनी ताठ चाल किंवा सपाट आवाज असल्या ठरावीक क्लृप्त्यांना हातही लावलेला नाही, हे ध्यानात येते. कामाच्या जागी बसण्यापूर्वी अ‍ॅश क्षणभर जागच्या जागी धावून अंग मोकळे करतो. यंत्राला याची काय गरज? पण माणसाची नक्कल करणारे यंत्र नेमके हेच करील.

'चॅरिअट्स ऑफ फायर' (१९८१) मध्ये ते धावपटू हॅरॉल्ड अब्राहम्स यांचे प्रशिक्षक सॅम मुसाबिनी झाले आहेत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील अंतिम शर्यत सुरू असताना हा गुरू मैदानाबाहेर, एका खोलीत एकटाच बसला आहे. शिष्य जिंकला की नाही, हे त्याला खिडकीतून वर चढणारा ध्वज पाहून आणि राष्ट्रगीत ऐकून समजते. तो पलंगावर बसतो आणि आपल्या गवती टोपीच्या माथ्यातून मूठ आरपार घालतो. या भूमिकेने त्यांना कान चित्रपट महोत्सवातील व बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा असे सहायक अभिनेत्याचे दोन पुरस्कार दिले. ऑस्करचे नामांकन त्यांना आयुष्यात एकदाच, याच कामासाठी मिळाले. पुरस्कार मात्र 'आर्थर'साठी जॉन गिलगुड यांना गेला.

आता नायकपणाविषयी. उंची बेताची, चेहरा चारचौघांसारखा. नेपोलियन मात्र त्यांनी तीनदा साकारला. तरीही नायक झालेच नाहीत असे म्हणता येणार नाही, कारण दिग्दर्शक ॲटम इगोयान यांच्या 'द स्वीट हिअरआफ्टर' (१९९७) चा सारा भार त्यांच्यावरच आहे. शाळेच्या बसला झालेल्या अपघातानंतर गावकऱ्यांना खटल्यासाठी तयार करणारा हा वकील, विमानात शेजारी बसलेल्या तरुणीला आपल्या मुलीच्या बालपणीचा एक प्रसंग सांगतो. कोळ्याच्या दंशाने तिचे अंग सुजत होते, इस्पितळ दूर होते, श्वास बंद पडलाच तर गळ्याला छेद द्यावा म्हणून त्याने हातात चाकू धरला होता, आणि ती शांत राहावी म्हणून तो अंगाईही गात होता. आता हीच मुलगी व्यसनापायी त्याच्या हातून निसटली आहे. होम हे सगळे जवळजवळ न हलता सांगतात. तुम्ही एकच चित्रपट पाहणार असाल, तर हा पाहा.

राहिला बिल्बो. १९८१ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्याच बीबीसीवरील नभोनाट्यात होम यांनी फ्रोडोचे, म्हणजे बिल्बोच्या तरुण वारसाचे, काम केले होते. पडद्यावर वीस वर्षांनी ते बिल्बो झाले. रिव्हेंडेल या ठिकाणी फ्रोडोच्या गळ्यातील, एके काळी स्वतःकडे असलेली मोहिनी घालणारी अंगठी दिसताच बिल्बोचा चेहरा निमिषभर राक्षसी होतो, त्या दचक्याचीच चर्चा अधिक होते. ती करामत तंत्रज्ञांची होती. त्यानंतर शरमेने कोसळून, तोंड लपवून रडणारा म्हातारा मात्र निव्वळ होम यांचा आहे.